भामेर आणि शेतातल्या काळ्या भिंती: खानदेशातल्या हिवाळी डोंगरफेरीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर डिसेंबरात पुण्या-मुंबईचे मित्र, नाशिकचे पाहुणे आणि खुद्द धुळ्यातली मंडळीही तेच ते प्रश्न विचारतात. फोनवर सांगून तोंड दुखलं, म्हणून यंदा सगळं लिहूनच ठेवलं.

नेमकं जायचं कुठे?

साक्री तालुक्यातल्या भामेरला. निजामपूर-जैताण्याच्या जवळ हे गाव आहे. गावाच्या डोक्यावर किल्ल्याच्या टेकड्या आहेत, त्यांच्या पोटात कोरलेली दालनं आहेत, आणि भोवतीच्या माळावर पवनचक्क्या फिरत असतात. पण माझ्या लेखी ही फेरी धुळं सोडल्याबरोबरच सुरू होते. साक्रीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना शेतांमधून अरुंद, काळ्या, लांबच लांब टेकड्या दिसू लागतात. ओळंब्याने आखल्यासारख्या सरळ. त्यांच्याकडे न बघता थेट किल्ल्यावर गेलात तर निम्मी सहल रस्त्यातच राहिली.

तिकडे सगळं उजाडच आहे ना? जवळजवळ वाळवंटच म्हणे?

वाळवंट नाही, पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. पावसाळी वारे सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर मोकळे होतात आणि आमच्याकडे उरलंसुरलं येतं. धुळे-साक्री पट्ट्यात वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला याच्या दहापट पडतो, त्यावरून काय ते समजा. त्यामुळे डोंगरावर दाट जंगल नाही. अंजन, सालई, खैर, बोरी, निवडुंग आणि गुडघाभर वाळलेलं गवत, एवढाच संसार.

“उजाड” हा शब्द मात्र मला खटकतो. कोकणातल्या डोंगरावर हिरवाई एवढी दाटलेली असते की दगड बघायला दरड कोसळावी लागते. इथे डोंगर अंगावर काही न घेता उभा आहे. त्याची हाडं मोजता येतात.

शेतातल्या त्या सरळ काळ्या भिंती कोणी बांधल्या?

कोणीच नाही, तरी हा प्रश्न वेडगळ नाही. लांबून बघितलं तर चिरे रचून तटबंदी उभी केली असावी असंच वाटतं.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ओतला गेला, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. थरावर थर साचत गेले आणि आपले पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर झाले. पण हा लाव्हा ज्वालामुखीच्या एखाद्या टोकदार डोंगरातून आला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो वर चढला. काही भेगांतला रस वरपर्यंत पोचलाच नाही, काहींत शेवटी शेवटी आलेला तिथेच अडकला. तो भेगेतच थिजला आणि आजूबाजूच्या थरांपेक्षा टणक निघाला. पुढे ऊन-पावसाने भोवतीचा मऊ दगड झिजवून नेला आणि भेगेतला दगड उभाच्या उभा उघडा पडला. म्हणजे साचा विरघळून गेला आणि आतलं ओतीव काम राहिलं. भूशास्त्रात याला डाइक म्हणतात, मराठी पुस्तकांत भित्ती.

नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा भित्तींचा मोठा थवाच आहे. अभ्यासकांनी दोनशेहून जास्त नोंदवल्या आहेत आणि त्यांतली साक्री-धुळे-पारोळा ही तब्बल ७९ किलोमीटर लांब मोजली गेली आहे. बहुतेकींचा रोख पूर्व-पश्चिम, जरासा ईशान्येकडे कललेला. नर्मदा आणि तापी ज्या खचदऱ्यांतून वाहतात त्यांचीही दिशा साधारण तीच. जमीन उत्तर-दक्षिण ताणली गेली, म्हणून भेगा आडव्या पडल्या. जुनं धोतर ताणल्यावर कसं फाटतं, तसं.

शेतकऱ्यांना या भित्ती भूशास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहेत, कारण विहिरीचा हिशेब त्यांच्याशी जुळलेला असतो. जमिनीखालचं पाणी वाहत येतं आणि भित्तीला अडतं. मग तिच्या एका अंगाची विहीर मार्चपर्यंत साथ देते आणि पलीकडची संक्रांतीलाच तळ दाखवते. भित्तीतच चिरा असतील तर उलटं, पाणी तिच्यातूनच पुढे पळतं. म्हणून विहीर कुठे खणायची यावर भावाभावांत जे वाद होतात, त्यांत हा काळा दगडही एक पक्षकार असतो.

समोरची टेकडी भित्ती आहे की साधा डोंगर, हे ओळखायचं कसं?

तीन गोष्टी बघा.

आधी आकार. साधा डोंगर वरून सपाट आणि पायऱ्यापायऱ्यांचा असतो. भित्ती म्हणजे अरुंद, लांब धार, डुकराच्या पाठीवरच्या राठ केसांसारखी. मध्ये तुटली तरी अर्ध्या किलोमीटरने त्याच रेषेत पुन्हा डोकं काढते.

मग दगडाच्या चिरा. तापलेला रस थंड होताना आकसतो आणि त्याला पाच-सहा बाजूंचे खांब पडतात. हे खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात असतात. आडव्या पसरलेल्या थराला गारवा वरून आणि खालून लागतो, म्हणून तिथले खांब उभे. भित्तीला तो दोन्ही कुशींनी लागतो, म्हणून तिथले खांब आडवे. लाकडाच्या वखारीत ओंडके रचून ठेवावेत आणि आपण त्यांच्या गोल तोंडांकडे बघावं, अगदी तसं दिसतं. हे एकदा डोळ्यांत बसलं की पुढे बसच्या खिडकीतूनही भित्ती ओळखता येते. माझा पुतण्या सहावीत असताना ओळखायला लागला आणि आता आम्हाला रस्ताभर बोलू देत नाही.

शेवटी हात लावून बघा. भित्तीच्या अगदी कडेचा दगड बारीक दाण्याचा, कारण भोवतीच्या गार दगडाला टेकून तो झटकन थिजला. मधला सावकाश थिजला, म्हणून दाणे जरा जाडे. सकाळच्या तिरप्या उन्हात मधल्या दगडावर बारीक चमक दिसते.

डोंगरउतारावर विटकरी रंगाचा पट्टा दिसला तर तो वेगळा प्रकार. दोन लाव्हा-थरांच्या मधल्या काळात तयार झालेली ती भाजकी लाल माती. पांढऱ्या, चुन्याच्या खड्यांसारख्या गाठी दिसल्या तर लाव्ह्यातल्या वाफेच्या बुडबुड्यांच्या जागी नंतर भरलेली खनिजं समजा.

हिवाळ्यातच का जायचं? पावसाळ्यात हिरवं असतं ना?

असतं, आणि फोटोही छान येतात. पण तेव्हा दगड झाकलेला असतो, वाट निसरडी असते आणि रस्त्याकडेची काळी माती बुटाला धरली की प्रत्येक पाय दोन किलोचा होतो. उन्हाळ्याचं नावच काढू नका. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि काळा कातळ तव्यासारखा तापतो.

डिसेंबरचा मध्य ते जानेवारीची अखेर हा खरा काळ. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातही चालतं, पण तोवर वणव्यांनी काही उतार काळे पडलेले असतात आणि दुपार चावायला लागते.

थंडी खरंच एवढी असते?

असते. राज्यातलं सर्वांत कमी तापमान अमुक इतकं, अशी बातमी येते तेव्हा त्यात धुळ्याचं नाव बरेचदा असतं. पहाटे ६ ते ८ अंश ही नेहमीची गोष्ट, एखाद्या वर्षी ५ च्याही खाली. आणि त्याच दिवशी दुपारी २८-२९. म्हणजे एकाच दिवसात कानटोपी आणि टोपी दोन्ही लागतात. गंमत म्हणजे वाऱ्याविना गेलेल्या रात्री गार हवा खाली सखलात साचते, त्यामुळे गावात दात वाजत असतात आणि शंभर मीटर वर चढलं की जरा ऊब लागते. धारेवर वारा असला तर मात्र हा हिशेब चुकतो.

किती वाजता निघायचं?

डिसेंबरच्या शेवटी सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाला मावळतो. धुळ्याहून साडेपाचला निघा, वाटेत चहा घ्या, सातला गावात पोचा. धुळं ते भामेर गाडीने सव्वा ते दीड तास धरा. साडेसात ते अकरा चढणं आणि बघणं. अकरा ते तीन सावलीत: कोरीव दालनात नाहीतर गावच्या पारावर. तीननंतर पुन्हा थोडं फिरून साडेपाचला खाली.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा “हिवाळाच तर आहे” म्हणत अकराला चढायला लागलो. बाराच्या उन्हात सगळा दगड एकाच रंगाचा झाला, ना चिरा दिसल्या ना थर. डोकं तेवढं दुखलं. हा दगड बघायला सावली लागते आणि सावली सकाळी किंवा संध्याकाळीच मिळते.

भामेरवर बघण्यासारखं काय आहे?

आधी गावच बघा. ते जुन्या किल्ल्याच्या पोटातच वसलंय. जुना दरवाजा, तटाचे तुकडे, घरांच्या भिंतींत बसलेले कोरीव चिरे, ओट्याशी पडलेली नक्षी. कोणाच्या उंबऱ्यात काय निघेल सांगता येत नाही. फोटो काढायच्या आधी घरच्यांना विचारा. बहुतेक वेळा हो म्हणतात आणि वर चहालाही थांबवतात.

भामेर हे अहिर राजांचं ठाणं मानलं जातं. अहिराणी ही आमची बोली, तिच्या नावाचा धागाही याच अहिरांशी जोडतात. गुजरातेतून दख्खनेत उतरणारी वाट या भागातून जायची, आजचा सुरत रस्ताही इथूनच जातो. अशा वाटेवर नजर ठेवायला ही जागा कोणी का निवडली हे वर गेल्यावर विचारावं लागत नाही.

वर चढताना कातळात कोरलेल्या पायऱ्या, पाण्याची टाकी आणि ओळीने खोदलेली दालनं लागतात. काहींत खांब सोडलेले आहेत. अजिंठ्यासारखं शिल्पकाम शोधू नका, ही राबत्याची जागा होती. दालनाच्या भिंतीवर बोट फिरवा, छिन्नीचे घाव लागतात. काही दालनांत ढोरं बसून गेल्याच्या खुणा आणि वटवाघळांचा वास असतो, त्यालाही इतिहासच समजा.

माथ्यावर पोचलात की घाई करू नका. हवा स्वच्छ असली तर भोवतीच्या माळावर एकामागे एक काळ्या धारा दिसतात. खाली रस्त्यावर एकेक बघितलेल्या भित्ती इथून एका दिशेने निघालेल्या ओळी वाटतात.

चढ अवघड आहे का? मुलं आणि आई-वडील जमवतील?

दोरबीर लागत नाही. अडचण उंचीची नाही, घसाऱ्याची आहे. सुटे खडे आणि वाळलं गवत यांवरून उतरताना पाय सरकतो. आठ वर्षांपुढचं मूल आरामात येतं. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी गाव, दरवाजा आणि खालची दालनं बघून पारावर बसावं, तेही कमी नाही. माझ्या मावशीने खाली बसून गावातल्या म्हाताऱ्यांकडून जेवढं ऐकून घेतलं, तेवढं आम्हाला माथ्यावर मिळालं नव्हतं.

टाक्यांच्या आणि कड्याच्या काठाला कठडे नाहीत. मुलांचा हात सोडू नका.

पाण्याचं काय? टाक्यातलं चालेल?

नाही. वरचं पाणी शेवाळलेलं असतं. माणशी तीन लिटर खालूनच न्या. थंडीत तहान कळत नाही आणि कोरडी हवा अंगातलं पाणी न सांगता ओढून घेते. गावात कोणाच्याही ओट्यावर “पाणी शे का?” म्हटलंत तर तांब्या समोर येतो. पण जानेवारीनंतर त्या घरातलं पाणीही कुठून तरी वाहून आणलेलं असू शकतं, एवढं ध्यानात ठेवून बाटल्या भरा.

कोणते कपडे, कोणते बूट?

एकावर एक घालता-काढता येतील असे कपडे. पूर्ण पँट हवीच, कारण कुसळं. हे गवत हिवाळ्यात वाळतं आणि त्याची टोकदार बी मोज्यात शिरून दिवसभर टोचत राहते. जाळीदार स्पोर्ट बूट घातलेत तर रात्री मोजे फेकून द्यावे लागतील. बंद, जाड तळव्याचे बूट घाला.

आणि बूट आदल्या दिवशी वाकवून बघा. वर्षभर माळ्यावर पडलेल्या बुटाचा गोंद सुकलेला असतो. माझ्या चुलतभावाचा तळवा अर्ध्या चढावर सुटला, मग उपरण्याची पट्टी फाडून बांधला आणि तो लंगडत खाली आला. त्या दिवसापासून त्याचं नाव “तळवलकर” पडलं.

साप, बिबट्या वगैरे?

बिबट्याची भीती सगळे बाळगतात आणि मधमाशांची कोणीच नाही, खरं तर उलटं हवं. कड्यांना आणि दालनांच्या छतांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. अत्तर लावून जाऊ नका, धूर करू नका, ओरडू नका, खाली दगड भिरकावू नका. माशा उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून लांब पळा.

फुरसं या खडकाळ भागातलंच जनावर आहे. छोटं, मातकट आणि विषारी. थंडीत उन्हाला दगडावर येऊन बसतं. हात टेकण्याआधी बघा, दगड उलथू नका, खाली विंचूही असतो. चावलंच तर बांधणं, चिरणं, मांत्रिक यांत वेळ घालवू नका. हालचाल कमी ठेवा, १०८ ला फोन करा आणि तडक सरकारी दवाखाना गाठा.

खायला काय न्यायचं, काय मिळेल?

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो.

न्यायचं तर कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. कळणा म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ. ही भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते, पोटाला धरते आणि चढताना दर अर्ध्या तासाने भूक लागत नाही. वेफर्सची पाकिटं आणू नका. मीठ खाऊन तहान लागते आणि पाकिटं वाऱ्याने उडून बाभळीला लटकतात.

पण खरा बेत खाली उतरल्यावरचा. डिसेंबर-जानेवारी म्हणजे भरताच्या वांग्यांचे दिवस. हिरवी, मोठी, कमी बियांची वांगी वाळलेल्या पऱ्हाट्यांवर भाजायची. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली काडी. तिच्या जाळावर वांग्याला जो वास लागतो तो गॅसवर सात जन्मांत लागणार नाही. मग लाकडी बडगीत घालून ठेचायचं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत कळण्याच्या पुऱ्या. ओळखीचं शेत असेल तर आधी फोन करून ठेवा. नसेल तर परतीच्या रस्त्यावर ढाब्याची शेवभाजी आहेच. तिखट कमी घाला असं सांगून बघा, फरक पडत नाही.

शेकोटी शेतातच, डोंगरावर नाही. वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते आणि त्यात जळतो तो गावच्या ढोरांचा चारा.

गाडी नसेल तर?

एसटीने साक्री, तिथून निजामपूरच्या बाजूची बस किंवा शेअर गाडी. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या. इंटरनेटवर शोधलेल्या वेळेवर भरवसा ठेवून आम्ही एकदा कांद्याच्या पिकअपमध्ये बसून परत आलोय. वाईट नव्हतं, पण घरात घेईनात.

वाटाड्या लागतो का?

पहिल्या खेपेला घ्या. ढोरवाटा खूप फुटतात आणि चांगली दालनं सरळ वाटेवर नाहीत. गावातला एखादा तरुण तयार होतो. पैसे किती ते आधी बोलून घ्या, आणि “बघू, देऊ काहीतरी” असं म्हणू नका, त्याचाही कापूस वेचायचा खोळंबलेला असतो. गुराखी भेटला तर “बाबा, वाट कोठे शे?” विचारा. मोडकी अहिराणी ऐकून आधी हसतील, मग अर्धी वाट सोबत येतील.

पवनचक्क्यांच्या अगदी खाली जाता येतं का?

लांबूनच बघा. ती खासगी कंपन्यांची आवारं आहेत, आत विजेचं काम चालू असतं. पात्यांचा घुमणारा आवाज ऐकायला शंभर-दोनशे मीटरचं अंतरही भरपूर आहे.

आठवण म्हणून दगड आणला तर?

कोरीव तुकडा मुळीच नाही. साध्या दगडाचाही फोटोच आणा.

वर मुक्काम करता येईल?

करू नका. थंडी, पाणी नाही, अंधारात घसारा. साक्री किंवा धुळ्याला लॉज आहेत.

एवढा दिवस नाही, अर्धाच आहे. मग?

लळिंग. धुळ्याच्या दक्षिणेला साधारण दहा किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाला अगदी लागून. फारुकी सुलतानांच्या काळातला किल्ला. त्यांचा मूळपुरुष मलिक राजा, त्याला १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाकडून थाळनेरचा मुलूख मिळाला आणि तिथून खानदेशचं वेगळं राज्य उभं राहिलं. पाऊण तासात वर पोचता, टाकी आणि तट बघता, दहाला खाली येऊन नाश्ता करता. शहरातल्या लोकांनी सरावासाठीही हाच निवडावा.

पाटणादेवी आणि भामेर, दोन्ही एका दिवसात होतील?

नाही, आणि करूही नका. पाटणादेवी चाळीसगावकडे, पार दुसऱ्या टोकाला आहे, आणि तिचा स्वभावच निराळा. गौताळा अभयारण्यातलं जंगल, कण्हेरगडाच्या कुशीतली लेणी, आणि भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाचा शिलालेख. तिथे जंगल खात्याचे नियम आणि वेळा पाळाव्या लागतात. त्याला एक अख्खा रविवार द्या.

मोबाइलला रेंज असते?

धारेवर असते, दालनांत आणि घळीत जाते. वरून घरी फोन करून “पोचलो” सांगून टाका, नाहीतर खाली उतरेपर्यंत अठरा मिस्ड कॉल साठतात, त्यांतले बारा आईचे.